मुख-कंठाचा कर्करोग, परिसरातील क्लिनिकल ट्रायल आणि आपण वैद्य

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या वैद्याकडे गालाच्या आतील न भरणारा व्रण घेऊन येणारा रुग्ण ही आज अपवादात्मक घटना राहिलेली नाही. जिभेच्या कडेची कठीण गाठ, तीन-तीन आठवडे बसलेला आवाज, मानेत हाताला लागणारी न दुखणारी ग्रंथी, आणि तोंडात दोन बोटेही जाऊ नयेत इतके आखडलेले जबडे, ही सर्व लक्षणे कर्करोगतज्ज्ञाच्या आधी आपण किंवा गावातील दंतवैद्य पाहत असतो. तंबाखू, मशेरी, सुपारी आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही पानटपरीवर मिळणारा गुटखा हे हेतू आपल्या जनपदात घराघरांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात केवळ ओठ व मुखपोकळी यांच्या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात. स्वरयंत्र, घसा व अन्य अवयव यांत मिळवले तर संख्या आणखी वाढते.

अशा रुग्णाबाबत वैद्याचे कर्तव्य काय, याविषयी आपल्या संमेलनांतून पुष्कळ बोलले गेले आहे. संशय घ्यावा, बायोप्सीसाठी त्वरित पाठवावे, जाहिरातीतील ‘हमखास’ उपचारांपासून रुग्णास दूर ठेवावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने कर्करोग बरा करण्याची जाहिरात निषिद्ध ठरवली आहे, हेही आपण एकमेकांस बजावत असतो. हे सारे योग्यच. परंतु प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हे कर्तव्य येथे संपत नाही. रुग्णास कोठे पाठवावयाचे हे ठरवताना, त्याच्या रोगावर त्याच्या आवाक्यातील एखाद्या केंद्रात संशोधनात्मक चाचणी, म्हणजे आपण ज्यास सरसकट क्लिनिकल ट्रायल म्हणतो ती, चालू आहे काय, हे पाहता येणे हा आता आपल्या व्यवसायाचा भाग मानला पाहिजे.

हे विधान अनेक वैद्यबंधूंना रुचणार नाही याची कल्पना आहे. ‘आमच्या रुग्णाला उंदीर-ससा करायचे काय?’ असा प्रश्न लगेच येतो, आणि तो निराधार नाही. मुखाच्या कर्करोगाच्याच बाबतीत या शंकेला इतिहास आहे. १९९९-२००० या काळात तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रात मुखकर्करोगाच्या वीसहून अधिक रुग्णांना एका वनस्पतीजन्य द्रव्यापासून बनवलेली प्रायोगिक रसायने टोचण्यात आली. औषध नियंत्रकांची परवानगी आधी घेतलेली नव्हती, आणि रुग्णांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने चौकशीअंती २००१ मध्ये आपल्या संशोधिकेस दोषी धरले. द्रव्य वनस्पतीचे होते म्हणून प्रकार सौम्य ठरत नाही, हे आपण विशेषत्वाने लक्षात ठेवावे. ‘निसर्गोपचार आहे, अपाय काय होणार’ हा युक्तिवाद आपल्याही गल्लीत चालतो.

मात्र या प्रकरणाचा निष्कर्ष ‘चाचण्या नकोत’ असा नाही, तर ‘न नोंदवलेल्या, न सांगितलेल्या चाचण्या नकोत’ असा आहे. त्यानंतर आपल्या देशात जे बदल झाले त्यांतील मुख्य म्हणजे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ अर्थात सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लीतील सांख्यिकी संस्थेत २० जुलै २००७ रोजी ही नोंदवही सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद झाली पाहिजे असा दंडक आला. २०१९ च्या नव्या नियमांनी चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाई यांची जबाबदारी निश्चित केली. म्हणजेच ज्या शंकेने आपण चाचणीस नकार देतो, त्याच शंकेचे निरसन करण्याचे साधन आज कोणालाही, कोणतेही शुल्क न देता, उघडून पाहता येते.

आता चाचणीत जाऊन रुग्णास मिळते काय, हे एका उदाहरणाने पाहू. मुखकर्करोग लहान आहे, मानेत ग्रंथी हाताला लागत नाहीत; अशा वेळी गालातील वा जिभेतील गाठ काढताना मानेतील ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात, की वाट पाहावी आणि ग्रंथी उद्भवल्यासच काढाव्यात, हा वाद शल्यतज्ज्ञांत कित्येक दशके चालू होता. वाट पाहणाऱ्यांचे म्हणणे असे की, बहुतेकांची मान विनाकारण उघडली जाते, खांदा जखडतो. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, लपलेला रोग नंतर उफाळला की हाताबाहेर जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००४ पासून याच प्रश्नावर रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून चाचणी केली. योजना सातशेहून अधिक रुग्णांची होती. परंतु देखरेख समितीच्या सूचनेवरून पहिल्या ५०० रुग्णांचे विश्लेषण झाले आणि २०१५ मध्ये ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. शंभरांमागे बारा माणसांचा हा फरक. या एका प्रबंधाने जगभरच्या शस्त्रक्रियेची रीत बदलली, आणि हा प्रश्न सुटला तो परळमध्ये, आपल्याच जिल्ह्यांतून गेलेल्या रुग्णांच्या साहाय्याने.

येथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाट पाहण्याच्या गटात जे रुग्ण पडले, त्यांच्या वाट्याला उणा उपचार आला. मग त्यांची फसवणूक झाली काय? आमच्या मते नाही. कारण त्या दिवशी कोणता उपचार उणा हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि चाचणीबाहेर त्याच काळात असंख्य रुग्णांवर हेच ‘वाट पाहणे’ तज्ज्ञाच्या मतानुसार घडत होते, फक्त त्याची कोणी मोजदाद करत नव्हते. खरा भेद येथे आहे. चाचणीतील अनिश्चितता रुग्णास सांगितलेली असते. बाहेरची सांगितलेली नसते. तरीही वैद्याने रुग्णास ‘तेथे गेलास की सर्वोत्तम उपचार मिळेल’ असे वचन कदापि देऊ नये. चाचणी म्हणजे अद्याप न सुटलेला प्रश्न. रुग्ण त्या प्रश्नात सहभागी होतो, एवढेच सत्य त्यास सांगावे.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे, आणि ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने तो पहिलाच म्हणावा लागेल. रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला की, नवी प्रतिकारशक्तीवर्धक इंजेक्शने बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतात. अशा रुग्णांसाठी टाटा स्मारकातील तज्ज्ञांनी स्वस्त औषधांच्या चाचण्या हाती घेतल्या. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडावाटे घेण्याच्या जुन्या गोळ्यांची शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिनशी तुलना ४२२ रुग्णांत झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोळ्यांच्या गटातील मध्यम आयुर्मान साडेसात महिने, तर इंजेक्शनच्या गटातील सहा महिन्यांच्या किंचित वर होते. पुढे अशाच गोळ्यांच्या उपचारास निव्होलुमॅब या महागड्या औषधाची नित्याच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम एवढीच मात्रा जोडून पाहण्यात आली. २०२३ च्या अहवालात एका वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे नोंदले आहे. ही आकडेवारी रोग बरा झाल्याची नाही. परंतु ज्या घरात मुलीचे लग्न वा नातवाचे बारसे तोंडावर आहे, त्या घरास सहा महिन्यांचा अर्थ विचारावा. औषध कंपन्यांना असल्या प्रश्नांत रस असण्याचे कारण नाही. कमी मात्रा विकून त्यांचा काय लाभ? हे प्रश्न येथील रुग्णालयांनीच विचारावे लागतात, आणि येथील रुग्ण मिळाले तरच ते सुटतात.

आता शोधण्याची रीत. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर शोधाची सोय आहे. इंग्रजीचे जुजबी ज्ञान पुरते. अडचण शब्दांची येते. एकच रोग कोणी ‘हेड अँड नेक’ या नावाने नोंदवतो, कोणी ‘ओरल कॅव्हिटी’, कोणी ‘बक्कल म्यूकोसा’, कोणी ‘जिंजिव्होबक्कल’, कोणी नुसते ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. एका शब्दावर थांबणाऱ्यास निम्म्या नोंदी दिसत नाहीत. उलट दिसणाऱ्या नोंदींपैकी पुष्कळशा रुग्णाच्या उपयोगाच्या नसतात; त्यात भूलशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, फिजिओथेरपीचे असतात, गुळण्यांचे असतात. ते निरर्थक नव्हेत, पण ज्याचा रोग परतला आहे त्यास तेथून काही मिळणार नाही. म्हणून शीर्षकावर न थांबता उपचार काय, तुलना कशाशी, आणि कोणत्या अवस्थेचे रुग्ण घेणार, हे रकाने वाचावेत.

त्यानंतर पाहावयाची बाब म्हणजे भारतातील भरतीची स्थिती. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असे लिहिले असले तरी त्यावर विसंबून रुग्णास रेल्वेत बसवू नये. नोंद अद्ययावत करण्यात पुष्कळ संशोधक शिथिल असतात. भरती संपून वर्ष झाले तरी पाटी तशीच राहते. प्रत्येक नोंदीत जनतेच्या चौकशीसाठी एका व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी दिलेला असतो, तो शोभेसाठी नव्हे. वैद्याने स्वतः दूरध्वनी करावा. रुग्णाने केला तर त्यास उत्तर समजत नाही, आणि लाजेने तो पुन्हा विचारत नाही. चाचणी अनेक केंद्रांत चालत असेल तर केंद्रांची यादीही तेथेच असते. परळचे नाव वर असले तरी खाली नागपूर, पुणे, नाशिक, बार्शी वा गोव्याचे बांबोळी यांपैकी एखादे केंद्र निघू शकते. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात, अर्थात नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, आज देशातील तीनशेहून अधिक संस्था आहेत. आपल्या जिल्ह्यालगतची संस्था त्यात आहे काय, एवढे तरी आपल्या टेबलावरील वहीत लिहून ठेवलेले असावे.

‘परिसरातील’ या शब्दावर इतका भर देण्याचे कारण आहे. मुख-कंठाच्या कर्करोगात किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. त्यात तोंड सोलवटते, गिळता येत नाही, नाकातून नळी घालावी लागते. सोबतीस एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीस जाणे आले. दूरच्या केंद्रातील उत्तम चाचणीपेक्षा जवळच्या केंद्रातील साधा, पण पूर्ण झालेला प्रमाणित उपचार श्रेयस्कर असू शकतो, आणि तसे स्पष्ट सांगण्यास वैद्याने कचरू नये. खर्चाबाबतही भ्रम नको. चाचणीतील औषध आणि केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घ्यावयाचे नसतात. परंतु नित्य उपचाराचा खर्च, धर्मशाळा, प्रवास हे सर्व मोफत असेलच असे नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना तेथे लागू पडते काय, हे दूरध्वनीवरच विचारून घ्यावे.

रुग्ण पात्र ठरेल की नाही, हा यापुढचा प्रश्न. आणि येथे आपला हात रुग्णाच्या भवितव्यावर सर्वाधिक पडतो. बहुतेक चाचण्या ‘पूर्वी कोणताही उपचार न झालेला’ रुग्ण मागतात. वृक्काचे कार्य ठरावीक मर्यादेत लागते, कारण सिस्प्लॅटिन वृक्कास अपायकारक आहे. यकृताच्या चाचण्या, रक्तातील हिमोग्लोबिन आणि रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची क्षमता पाहिली जाते. ही क्षमता ते ० ते ५ अशा आकड्यांत मोजतात. आपल्या दशविध परीक्षेतील बलाचा विचार त्याहून विस्तृत आहे, पण त्यांची पट्टी त्यांच्या कामास पुरेशी आहे. आता कल्पना करावी की, बायोप्सीपूर्वी कोणी दोन महिने अज्ञात घटकांचे चूर्ण वा अप्रमाणित भस्मे दिली, आणि क्रिएटिनिन चढले. किंवा गावातील छोट्या रुग्णालयात गालातील गाठ कडा न पाहता घाईने ‘काढून टाकली’. आमच्या तालुक्यातील एका मध्यमवयीन शेतकऱ्याचे असे झाले. पाच आठवड्यांत गाठ परतली. मोठ्या केंद्रातील संशोधकांनी कागद पाहिले आणि ‘आधी शस्त्रक्रिया झालेली आहे’ या एका वाक्यावर चाचणीचे दार बंद झाले. प्रमाणित उपचार त्यास मिळाले, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु जी निवड त्याची स्वतःची असावयास हवी होती, ती दुसऱ्याच्या घाईने हिरावून घेतली.

आपल्या औषधांसंबंधी एक स्पष्ट नियम पाळावा. रुग्ण चाचणीत जात असेल तर तो घेत असलेले प्रत्येक चूर्ण, आसव, गुग्गुळ, रसकल्प यांची नावे, मात्रा आणि कालावधी वैद्याने आपल्या लेटरहेडवर लिहून द्यावा. ‘तिथे सांगू नका, ते रागावतात’ असा सल्ला देणारे आपल्यात आहेत. तो सल्ला रुग्णास घातक आहे आणि शास्त्रासही. यकृतावर परिणाम झाला तर दोष कोणत्या द्रव्याचा हे कोणासच कळत नाही. आणि चाचणीचा निष्कर्ष बिघडतो तो वेगळाच. पुष्कळ चाचण्यांत अन्य पद्धतीची औषधे वर्ज्य असतात. तेथे औषध थांबवावे, आणि तसे रुग्णास समजावून सांगावे. पथ्य, मुखाची स्वच्छता, झोप, मन यांबाबत आपण देऊ तो आधार कोणीही वर्ज्य करत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग आयुर्वेदाच्या स्वतःच्या चाचण्यांचे काय? त्या आहेत, आणि त्याच नोंदवहीत सापडतात. किरणोपचाराने होणाऱ्या मुखपाकात यष्टिमधु व मध यांचा उपयोग जामनगरच्या अभ्यासकांनी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध केला. हरिद्रेतील कर्क्युमिनची मुखातील पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे ल्युकोप्लेकियावर, २२३ रुग्णांत छद्म-औषधाशी तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडण्यात आले. सहा महिन्यांनंतर कर्क्युमिनच्या गटात ६७.५ टक्के, तर छद्म-औषधाच्या गटात ५५.३ टक्के रुग्णांत चट्टे कमी झाले. हा दुसरा आकडा आपण सर्वांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. काहीही क्रियाशील द्रव्य न देता निम्म्याहून अधिक रुग्णांचे चट्टे कमी झाले! तुलनेचा गट नसता तर किती वैद्यांनी ‘माझ्या कल्पाने दोन-तृतीयांश रुग्ण सुधारले’ असे लेख याच त्रैमासिकात लिहिले असते, याचा विचार करावा. आपल्या चाचण्यांना प्रतिष्ठा मिळावी असे वाटत असेल तर दुसऱ्यांच्या चाचण्यांत रुग्ण पाठवण्यास, आणि आपल्या चाचण्या त्याच कसोटीस उतरवण्यास, आपण सारखेच तयार असले पाहिजे.

सुश्रुताचार्यांनी पासष्ट मुखरोग सांगताना तालूतील अर्बुद आणि जिह्वागत अलास यांना असाध्यांत घातले. आणि चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माच्या ठिकाणी धान्वंतर संप्रदायाचा अधिकार निःसंकोच मान्य केला. साध्यासाध्यत्व ओळखून योग्य हाती रुग्ण सोपवणे ही आपलीच परंपरा आहे; त्यात कमीपणा मानणारी वृत्ती अलीकडची.

तक्रार दुसऱ्या बाजूचीही आहे, ती नोंदवल्यावाचून लेख एकांगी होईल. एका मोठ्या रुग्णालयास गेल्या काही वर्षांत तपशीलवार संदर्भपत्रांसह मी रुग्ण पाठवले. एकाही पत्राची पोच आली नाही, आणि एका रुग्णास तर ‘आयुर्वेदवाल्याची चिठ्ठी’ म्हणून ती परत हातात देण्यात आली. ज्यांना ग्रामीण रुग्ण लवकर आणि अस्पर्शित अवस्थेत हवे आहेत, त्यांनी ते पाठवणाऱ्याशी निदान पत्रोत्तराचा संबंध ठेवावा. संमतिपत्र मराठीत असते हे खरे. पण ते पंधरा-वीस पानांचे असते, आणि रात्री घरी आल्यावर रुग्ण ते वाचून घेण्यास आपल्याकडेच येतो. नकार देता येतो, मध्येच बाहेर पडता येते, बाहेर पडल्याने उपचार थांबत नाहीत, ही तीन वाक्ये त्यास कोणत्या पानावर आहेत ते बोट ठेवून दाखवणारा माणूस म्हणजे गावातील वैद्य होय.

आपल्या संघटनेने या बाबतीत करण्याजोगे काम लहान आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने संगणक हाताळू शकणाऱ्या एका वैद्याची नेमणूक करावी. त्याने दर तिमाहीस नोंदवही चाळून आपल्या व लगतच्या जिल्ह्यांतील मुख-कंठ कर्करोगाच्या उपचारविषयक चाचण्या निवडाव्यात, केंद्रास दूरध्वनी करून भरती खरोखर चालू आहे याची खात्री करावी, आणि केंद्र, रोगाची अवस्था, पूर्वोपचार चालतो की नाही, चौकशीचा क्रमांक, खात्री केल्याची तारीख अशा पाच रकान्यांची एक यादी शाखेच्या सभासदांस पाठवावी. तारखेचा रकाना वगळू नये. तीन महिन्यांपूर्वीची यादी फाडून टाकावी. याच त्रैमासिकाच्या शेवटच्या पानावर, जेथे सध्या औषधनिर्मात्यांच्या जाहिराती असतात, तेथे त्या यादीस अर्धे पान मिळावे अशी संपादक मंडळास विनंती आहे.